जोडशब्दांची कुळकथा



उन्हाळ्यात भारतातून आजी-आजोबा आले की त्यांच्या इंग्रजीला नातवंडे हसतात, ही तक्रार मंडळाच्या कार्यक्रमांत, विशेषतः जेवणाच्या रांगेत, हमखास ऐकू येते. हसण्याची कारणेही ठरलेली असतात. एक उच्चार, आणि दुसरे म्हणजे वाक्याला वाक्य जोडण्याची तऱ्हा. "ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वुई वेंट" किंवा "बिकॉज ही वॉज सिक, सो ही डिड नॉट कम" असे काही कानावर पडले की पाचवीतले नातवंड लगेच मास्तर होते. "आजोबा, दोन्ही नाही वापरायचे, एकच!" आजोबा गप्प बसतात आणि पुढच्या वेळी नातवंडाशी मराठीतच बोलतात, किंवा बोलतच नाहीत.

नातवंडाचे म्हणणे आजच्या व्याकरणाला धरून आहे, यात वाद नाही. पण आजोबांचे वाक्यही काही आकाशातून पडलेले नाही. त्याला जशी मराठीत मुळे आहेत, तशीच खुद्द इंग्रजीच्या जुन्या घरातही त्याची भावकी सापडते. म्हणून या अंकात आम्ही इंग्रजीतल्या जोडशब्दांचा इतिहास सांगायचे ठरवले आहे. शाळेत ज्यांना आपण 'उभयान्वयी अव्यये' म्हणत होतो तेच हे शब्द. नाव उच्चारताच काही वाचकांच्या पोटात गोळा आला असेल, पण परीक्षा नाही, निर्धास्त असावे.

साधारण अकराव्या शतकापर्यंतच्या इंग्रजीला अभ्यासक ओल्ड इंग्लिश म्हणतात. आजच्या इंग्रज माणसाला ती शिकल्याशिवाय वाचता येत नाही, जशी आपल्याला ज्ञानेश्वरी टिपांशिवाय जड जाते, त्याहूनही जास्त. या भाषेत आजचे जोडशब्द जवळजवळ नव्हतेच म्हटले तरी चालेल. 'अँड' होता. पण 'बट' या अर्थी 'अक' असा वेगळाच शब्द होता, 'ऑर' या अर्थी 'ओथ्थे' होता, आणि 'बिकॉज'च्या जागी 'फॉर थाम थे' अशी तीन शब्दांची लांबलचक आगगाडी होती. नवव्या शतकाच्या अखेरीस, आल्फ्रेड राजाच्या काळात, ज्या बखरी लिहायला सुरुवात झाली त्यांत एकामागून एक घटना 'अँड' लावून ओवत नेलेल्या दिसतात. अमुक राजा मेला आणि तमुक गादीवर आला आणि त्या वर्षी मोठी रोगराई आली. कशामुळे काय झाले, हे वाचणाऱ्याने आपले समजून घ्यायचे.

याच भाषेत 'था' असा एक शब्द होता. त्याचा अर्थ 'तेव्हा', आणि अर्थ 'जेव्हा'सुद्धा. वाक्याच्या पहिल्या तुकड्याच्या तोंडाशी एक 'था' आणि दुसऱ्या तुकड्याच्या तोंडाशी दुसरा 'था'. जेव्हा राजाने हे ऐकले, तेव्हा तो निघाला. एकटा आला की तोच शब्द आपल्या गोष्टींतल्या 'मग'चे काम करी. लीळाचरित्रात 'मग' किती वेळा येतो ते आठवावे; आजीच्या गोष्टीतही तसाच येतो. 'जसे-तसे' या अर्थी 'स्वा-स्वा' अशी जोडी होती. 'जर' या अर्थी 'यिफ' होता, तोच आजचा 'इफ', आणि त्याच्या मागून 'तर' या अर्थाचा शब्द बऱ्याचदा येई. म्हणजे जर-तर, जेव्हा-तेव्हा, जसे-तसे ही आपली जोडप्यांची पद्धत त्या काळच्या इंग्रजीलाही अंगवळणी पडलेली होती.

पुढे इंग्रजीने ही जोडपी फोडली. पहिला शब्द ठेवला, दुसरा हळूहळू गाळला. 'इफ'च्या मागचा 'देन' आज वाटले तर येतो, नाही तर नाही. 'दो' म्हणजे जरी. त्याच्या मागचा 'येट', म्हणजे तरी, मात्र बराच काळ टिकला. १६११ साली जेम्स राजाच्या आज्ञेने झालेल्या बायबलच्या भाषांतरात 'दो-येट' अशी जोडी सहज सापडते, आणि अठराव्या शतकातले शिष्ट लेखकही ती वापरत. म्हणजे आजोबा 'ऑल्दो' म्हणून पुढे 'बट' म्हणतात तेव्हा शब्द चुकीचा पडतो, पण वाक्याचा सांगाडा चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी माणसाला परका वाटला नसता. त्यांनी 'बट'च्या जागी 'येट' म्हटले तर आजचा व्याकरणवालासुद्धा फार तर 'जरा जुनाट आहे' एवढेच म्हणेल. आम्हाला विचाराल तर आजोबांना हा एक शब्द बदलायला सांगणे पुरेसे आहे.

आता हे जोडशब्द मुळात आले कोठून? त्यांतले बहुतेक एके काळी भरभक्कम अर्थाचे शब्द होते आणि वापरून वापरून झिजले. 'बट' हा 'बुतान' पासून आला आणि त्याचा अर्थ 'च्या बाहेर'. 'सगळे आले, रामाच्या बाहेर' म्हणजे रामाखेरीज, आणि खेरीजवरून 'पण'. 'व्हाइल' म्हणजे काळ, वेळ. 'ऑर' हा 'दुसरा' या अर्थाच्या शब्दाचा आखडलेला अवतार. 'ऑल्दो'मध्ये 'ऑल' आणि 'दो' हे दोघे उघड उघड बसलेले दिसतात. 'अनलेस' हा शब्द 'ऑन लेस' असा होता, म्हणजे 'याहून कमी अटीवर नाही'. यातल्या 'अन'चा नकाराशी मुळात काही संबंध नाही. नकार लोकांच्या कानाने त्यात ऐकला.

'बिकॉज'ची कथा आपल्याला विशेष जवळची आहे. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि पुढे जवळजवळ तीनशे वर्षे दरबाराची आणि कोर्टकचेरीची भाषा फ्रेंच व लॅटिन राहिली. १३६२ साली पार्लमेंटने कायदा केला की यापुढे न्यायालयात इंग्रजी बोलावी, कारण लोकांना फ्रेंच कळत नाही. गंमत अशी की हा कायदाच फ्रेंचमध्ये लिहिलेला होता! या सरकारी भाषेतून 'कॉज' हा शब्द आला, त्याच्या पुढे घरचा 'बाय' लागला, आणि चौदाव्या शतकात 'बाय कॉज' म्हणजे 'या कारणाने' असे लोक लिहू लागले. पुढे दोघे चिकटून 'बिकॉज' झाले. आपण काय केले? 'कारण' हे चांगले नाम घेतले आणि त्याचेच उभयान्वयी अव्यय केले. कचेरीची भाषा फारसी होती म्हणून 'सबब' घेतला, आणि मराठी सरकारी कागदांत, कोर्टाच्या निकालांत 'सबब अर्ज नामंजूर' असे तो आजही दिसतो. 'व' आणि 'शिवाय' हेसुद्धा अरबी-फारसीच्या वाटेनेच आपल्याकडे आले. 'अगर'ची तर आणखी मौज आहे. फारसीत त्याचा अर्थ 'जर', आणि मराठीत येऊन त्याने 'किंवा'ची नोकरी पत्करली. राज्यकर्त्यांची भाषा जेव्हा खालच्या भाषेत झिरपते तेव्हा आधी हुद्द्यांची आणि करांची नावे येतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण वाक्य जोडणारे बारके शब्दही येतात, आणि ते आले म्हणजे समजावे की मुक्काम लांबला होता.

घराचा भाडेकरार किंवा विम्याचा कागद कधी नीट वाचला असेल तर त्यातले 'प्रोव्हायडेड दॅट', 'एक्सेप्ट', 'इन केस', 'नॉटविथस्टँडिंग' हे सगळे शब्द याच कचेरीच्या दारातून आलेले आहेत. 'नॉटविथस्टँडिंग' तर लॅटिन कायद्यातल्या शब्दांचे अक्षरशः भाषांतर आहे. अशा कागदावर सही करताना आपण मोठे आकडे तपासतो. खरे तर हे बारके शब्द तपासावेत, कारण वर दिलेले खाली काढून घ्यायचे काम तेच करतात.

मुले शाळेतून आणखी एक नियम आणतात. वाक्याची सुरुवात 'अँड'ने किंवा 'बट'ने करू नये. या नियमाला इंग्रजीच्या जुन्या ग्रंथांत मुळीच आधार नाही. वर सांगितलेल्या १६११च्या बायबलचे पहिले प्रकरण उघडून पाहावे. त्यात ३१ वचने आहेत आणि त्यांपैकी २९ 'अँड'ने सुरू होतात. हिब्रू भाषेत 'व' असे एक अक्षर शब्दाच्या आधी जोडून वाक्य पुढे नेण्याची रीत आहे. भाषांतरकारांनी ती रीत राखली, आणि कोट्यवधी इंग्रजी माणसांच्या कानाला ती चाल पिढ्यानुपिढ्या बसली. दुसरेही एक कारण आहे. जुन्या हस्तलिखितांत विरामचिन्हे फार थोडी असत. नवे वाक्य सुरू झाले हे डोळ्याला दाखवायला 'अँड' उपयोगी पडे. छापखाने आले, पूर्णविराम आणि स्वल्पविराम स्थिरावले, तेव्हा हे काम त्याच्याकडून गेले. मुलांच्या निबंधातली 'अँड-अँड-अँड'ची माळ तोडायला एखाद्या कंटाळलेल्या मास्तरांनी हा नियम काढला असावा असे आम्हाला वाटते. त्यांच्याविषयी आम्हाला सहानुभूती आहे, पण नियम म्हणून तो खरा नाही.

'अँड' इतक्या वेळा लिहावा लागे की लेखनिकांनी त्याच्यासाठी खुणा करून ठेवल्या होत्या. एक खूण इंग्रजी सातच्या आकड्यासारखी. ती रोमन वक्ता सिसेरो याच्या टायरो नावाच्या लेखनिकाच्या लघुलिपीतली म्हणून ओळखली जाते. आयर्लंडमध्ये रस्त्यावरच्या पाट्यांवर ती अजून दिसते. दुसरी खूण आपल्या सर्वांच्या ओळखीची, दुकानाच्या नावात 'अमुक अँड सन्स' लिहिताना वापरतो ती वेलांटीदार खूण. लॅटिनमध्ये 'आणि'ला 'एत' म्हणतात, त्यातली ई आणि टी ही दोन अक्षरे एकमेकांत गुंतवून ती झाली. इंग्रज मुले बाराखडी म्हणताना झेडनंतर ही खूणही म्हणत. 'अँड, पर से अँड', म्हणजे 'आणि स्वतःपुरता अँड'. भरभर म्हणता म्हणता त्याचेच 'अँपरसँड' झाले आणि खुणेला ते नाव चिकटले. आपल्याकडे 'ग म भ न' करता करता मुले काय काय बनवतात, तशातलाच प्रकार.

आता एका जोडशब्दापायी तुरुंगात बसलेल्या माणसाची हकिकत सांगतो. निदान तो स्वतः तरी तसेच म्हणत असे. जॉन हॉर्न हा इंग्लंडमधला एक धर्मोपदेशक, पण स्वभावाने राजकारणी आणि भांडखोर. १९ एप्रिल १७७५ रोजी इथे मॅसॅच्युसेट्समध्ये लेक्सिंग्टन आणि काँकॉर्डला ब्रिटिश सैन्याने गोळीबार केला आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला तोंड फुटले. मेलेल्या अमेरिकनांच्या विधवा, मुले आणि वृद्ध आईबाप यांच्यासाठी लंडनमधल्या एका संस्थेने १०० पौंड जमवले आणि ते बेंजामिन फ्रँकलिनकडे पाठवायचे ठरवले. ही बातमी हॉर्नने वर्तमानपत्रांत छापून आणली आणि तीत राजाच्या सैन्याने या लोकांचा खून केला असे स्पष्ट शब्दांत म्हटले. १७७७ साली त्याच्यावर खटला झाला. शिक्षा झाली एक वर्ष कैद आणि २०० पौंड दंड.

या प्रकरणात एका जुन्या खटल्याचा निकाल चर्चेला आला. त्या खटल्यातल्या आरोपपत्रात साधारण असे वाक्य होते की, अमक्यावर आरोप ठेवला गेला आहे हे जाणून या बाईने असे असे केले. प्रश्न असा निघाला होता की, यात 'आरोप ठेवला गेला आहे' हे सरकारने स्वतः ठासून सांगितले, की फक्त त्या बाईच्या जाणिवेत घालून ठेवले? सगळा भार 'दॅट' या शब्दावर आला. हॉर्नचे म्हणणे असे की 'दॅट' हा काही गूढ जोडशब्द नव्हे. तो आपला नेहमीचा 'ते' आहे. 'मला ते ठाऊक आहे: त्याच्यावर आरोप आहे.' दोन वाक्ये, दोन्ही ठाम. मधला 'ते' पुढच्या वाक्याकडे बोट दाखवतो, एवढेच. १७७८ साली त्याने हे सारे आपल्या वकिलाला उद्देशून एका पत्रात लिहून प्रसिद्ध केले आणि आपण दोन शब्दयोगी अव्यये व एक उभयान्वयी अव्यय यांचा बळी आहोत अशी तक्रार केली.

मराठी माणसाला त्याचा मुद्दा चटकन पटावा. आपणही 'तो आला हे मला माहीत आहे' असे म्हणतोच. तिथे 'की'ची गरज नाही, 'हे' पुरतो.

तुरुंगातून सुटल्यावरही हॉर्नच्या डोक्यातून हे गेले नाही. टूक नावाच्या एका स्नेह्याच्या उपकाराखातर त्याने ते आडनाव आपल्या नावापुढे जोडले, आणि त्या स्नेह्याच्या पर्ली इथल्या घराच्या नावाने १७८६ साली एक ग्रंथ काढला. त्यात त्याने प्रत्येक जोडशब्द हा मुळात नाम किंवा क्रियापद असतो असा सिद्धान्त मांडला. 'दॅट'च्या बाबतीत तो बरोबर होता. पण 'इफ' म्हणजे 'गिव्ह', अर्थात 'दे', असे त्याने ठरवले ते साफ चुकले. 'अनलेस'बद्दलही तसेच. तरीही दोन-तीन दशके लोक या पुस्तकाने भारून गेले होते. इकडे अमेरिकेत शब्दकोशकार नोआ वेबस्टरवरही त्याचा मोठा प्रभाव पडला. १७९४ साली टूकवर राजद्रोहाचा आणखी मोठा खटला झाला, त्यात मात्र तो निर्दोष सुटला. तपशिलात चुकला असला तरी माणूस मूळ दिशेला चुकला नव्हता असे आमचे मत आहे. झिजलेल्या नाण्यावर एके काळी राजाचे तोंड होते, हे ओळखणे ही लहान गोष्ट नाही.

त्याच सुमारास दुसऱ्या एका माणसाने इंग्रजी व्याकरण लिहिले आणि त्याच्यामार्फत ही कथा महाराष्ट्रात पोहोचली. लिंडले मरे हा पेनसिल्व्हेनियात जन्मलेला, न्यूयॉर्कमध्ये वकिली केलेला गृहस्थ. १७८४ साली तो इंग्लंडला गेला आणि यॉर्क शहराजवळ कायमचा राहिला. आपण उलट्या दिशेने समुद्र ओलांडला, पण परमुलखात बसून इंग्रजीचे नियम घोकण्याचा धंदा त्याचा आणि आपला एकच! प्रकृती इतकी अधू की चालणेही कठीण झालेले. तिथल्या मुलींच्या एका शाळेसाठी त्याने १७९५ साली व्याकरण लिहून दिले, आणि ते इंग्लंड, अमेरिका आणि जिथे जिथे इंग्रज गेले तिथे तिथे पसरले. जोडशब्दांचे त्यात दोन वर्ग होते, जुळवणारे आणि वेगळे करणारे.

मुंबईत दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली प्रसिद्ध केले ते मरेचा नमुना डोळ्यांपुढे ठेवून. आपल्याकडे याआधी शब्दांच्या आठ जाती नव्हत्या. यास्काचार्यांच्या हिशोबाने चारच: नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. संस्कृतातले 'च', 'वा' हे निपातांत बसत. शब्दांच्या आठ जाती ही मूळ ग्रीकांची वाटणी. ती लॅटिनमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून दादोबांच्या काळात मराठीत आली. 'जोडणारा' अशा अर्थाच्या ग्रीक व लॅटिन संज्ञांच्या जागी मराठीत 'उभयान्वयी' बसला, म्हणजे दोहोंशी अन्वय असणारा. शब्द अवघड आहे, पण इतका नेमका शब्द इंग्रजीतही नाही, हे अभिमानाने सांगायला हरकत नसावी.

पण मरेच्या साच्यात मराठी ओतताना एक गोष्ट बाजूला राहिली. मराठी वाक्ये जोडते ती मुख्यतः या अव्ययांनी नव्हेच. 'सकाळी उठून, आंघोळ करून, डबा घेऊन, साडेसातची गाडी पकडून तो कामावर गेला.' पाच क्रिया झाल्या, एकही 'आणि' नाही. सगळे काम 'ऊन' या प्रत्ययाने केले. हेच वाक्य इंग्रजीत न्यायचे तर एक तर 'अँड'ची माळ लावावी लागते, नाही तर वाक्य तोडावे लागते. 'पाऊस होता म्हणून आलो नाही' यातला 'म्हणून' हा तर 'म्हणणे' या धातूचे रूप, म्हणजे मुळात 'असे बोलून'. कारण आधी, 'म्हणून' मध्ये, परिणाम शेवटी. कन्नडमधला 'एंदु' आणि तेलुगूमधला 'अनि' यांचा मूळ अर्थही 'म्हणून' असाच, तेव्हा ही ठेवण आपल्या सगळ्या शेजाराची आहे. आणि या ठेवणीत वाढलेला माणूस 'बिकॉज'ने वाक्य सुरू करतो तेव्हा पुढे 'म्हणून'ची जागा त्याला रिकामी दिसते. तिथे तो 'सो' ठेवतो. रिकाम्या पाटावर कुणाला तरी बसवावे, तसे.

उलट दिशेनेही वाहतूक झालीच. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी सुरू केलेल्या 'दर्पण'मध्ये इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारीशेजारी छापला जाई. मेजर थॉमस कँडी यांनी मराठीत विरामचिन्हे रुजवली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या वडिलांनी, कृष्णशास्त्र्यांनी, जॉन्सनच्या 'रासेलस'चे भाषांतर सुरू केले होते ते विष्णुशास्त्र्यांनी पुरे केले, आणि १८७४ पासून 'निबंधमाला' काढली तेव्हा 'जरी-तरी', 'परंतु', 'तथापि', 'इतकेच नव्हे तर' अशा सांध्यांवर तोललेले लांब पल्ल्याचे वाक्य मराठीत रुळले. पुढच्या पिढ्यांनी 'तर्खडकर भाषांतर पाठमाला' घेऊन दोन्हीकडून ये-जा केली. आज ज्यांना नातवंडे हसतात त्या आजोबांनी इंग्रजी शिकली ती या पाठमालेतून किंवा तिच्यावर वाढलेल्या मास्तरांकडून. 'तर्खडकरी इंग्रजी' म्हणून आपण पुढे तिची थट्टा करू लागलो, पण तिच्या बळावरच कितीतरी घरांतून पहिली नोकरी आणि पहिला पासपोर्ट आला.

हे सगळे जुनेपुराणे झाले, आता कोण 'अँड' आणि 'ऑर'वर भांडतो, असे कुणाला वाटेल. म्हणून अलीकडचे दोन निकाल सांगतो.

आपल्याकडे 'मासे आणि दूध खाऊ नका' म्हणतात त्याचा अर्थ एकत्र खाऊ नका. नुसते मासे चालतील, नुसते दूध चालेल. पण डॉक्टर मधुमेहाच्या माणसाला 'साखर आणि गूळ खाऊ नका' म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ दोन्हीही नकोत. वाक्याची घडण तीच, 'आणि' तोच. अमेरिकेत २०१८ साली एक कायदा झाला. अमली पदार्थांच्या काही गुन्ह्यांत ठरलेल्या किमान शिक्षेपेक्षा कमी शिक्षा देण्याची मुभा त्याने न्यायाधीशांना अधिक लोकांसाठी दिली, पण अट अशी की आरोपीच्या पूर्वीच्या गुन्ह्यांच्या नोंदीत 'अ, ब अँड क' नसावेत. मग तिन्ही एकत्र नसावेत, म्हणजे तिन्ही असणाऱ्यालाच सवलत नाकारायची? की तिन्हींपैकी एकही नसावे? माशांचा अर्थ घ्यायचा की साखरेचा? हजारो कैद्यांच्या शिक्षेची वर्षे या एका 'अँड'वर लटकत होती. १५ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा मतांनी साखरेचा अर्थ लावला. तिन्हींपैकी एकही असले तर सवलत नाही. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती एलिना केगन यांनी लिहिला आणि विरोधी मत न्यायमूर्ती नील गोर्सच यांनी. एरवी राजकीय कल वेगळे मानले जाणारे हे दोघे; पण 'अँड'पुढे नेहमीच्या रांगा मोडल्या. केगन यांच्या बाजूला थॉमस आणि अलिटो होते, तर गोर्सच यांच्या बाजूला सोटोमायोर आणि जॅक्सन.

दुसरा खटला मेन राज्यातला, ओकहर्स्ट डेअरीच्या गाडीवानांचा. जादा कामाचा दीडपट पगार कोणत्या कामांना लागू नाही याची यादी राज्याच्या कायद्यात होती. डबाबंद करणे, टिकवणे, गोठवणे, वाळवणे, विकणे, साठवणे अशी ती चालली होती, आणि शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' असे शब्द होते. 'ऑर'च्या आधी स्वल्पविराम नव्हता. मालक म्हणाले, वितरण हे यादीतले शेवटचे स्वतंत्र काम, तेव्हा गाडीवानांना जादा पगार नाही. गाडीवान म्हणाले, पाठवण्यासाठी किंवा वितरणासाठी पॅकिंग करणे हे एकच काम आहे. आम्ही पॅकिंग करत नाही, फक्त पोचवतो. मालकांचा प्रश्न बिनतोड होता: तसे असेल तर यादीतल्या शेवटच्या दोन कामांच्या मध्ये जोडशब्दच उरत नाही, अशी यादी कुणी लिहिते का? गाडीवानांचे उत्तरही तितकेच नेटके होते: यादीतले प्रत्येक काम 'इंग'ने संपते, 'शिपमेंट' आणि 'डिस्ट्रिब्यूशन' तसे संपत नाहीत. मार्च २०१७ मध्ये अपील न्यायालयाने म्हटले की मजकूर संदिग्ध आहे, आणि कामगारांच्या कायद्यात संदिग्धतेचा फायदा कामगारांना मिळाला पाहिजे. २०१८ साली ५० लाख डॉलरवर तडजोड झाली.

मेनच्या विधिमंडळाने दरम्यान कायद्यातला मजकूर दुरुस्त केला. आता त्यात प्रत्येक कामानंतर अर्धविराम आहे, 'डिस्ट्रिब्यूशन'चे 'डिस्ट्रिब्यूटिंग' झाले आहे, आणि 'ऑर' त्याच्या बरोबर आधी, स्वतःच्या जागी बसला आहे.